डायलेटर संच : आठ महिने वापरल्यानंतर

डायलेटर म्हणजे योनिमार्ग मोकळा राहावा म्हणून आत घालायची गुळगुळीत कांडी. हा चार आकारांचा सिलिकॉनचा संच. पार्सलवर आत काय आहे ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, त्याबद्दल कंपनीला एक मार्क जास्त. उघडल्यावर मला आठवला तो चकलीच्या सोऱ्याचा दट्ट्या. हसले, आणि खोकं बंद करून पंधरा दिवस कपाटात ठेवून दिलं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मला रेडिएशनचे 25 शेक बाहेरून आणि 3 आतून दिले. शेकांनी पाळी गेली. योनिमार्ग कोरडा पडतो, आकसतो, आतल्या भिंती चिकटूही शकतात. म्हणून जखम भरली की काही आठवड्यांतच डायलेटर सुरू करायचा असतो. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर याची एक ओळ नव्हती. तीन महिन्यांनी तपासणीत डॉक्टरांचं बोटही आत जाईना, टेबलावर ओरडले, तेव्हा कळलं.

कृती सोपी. पाण्यात विरघळणारं जेल लावायचं, पाठीवर पडून गुडघे वर घ्यायचे, बारक्यापासून सुरुवात, पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. किंचित गुलाबी डाग चालतात. जास्त रक्त गेलं तर डॉक्टर गाठायचे. पत्रकात एवढंच आहे, तेही इंग्रजीत. जेलचा गारवा लागताच ती आतल्या शेकांची खोली आठवते आणि मांड्या आपोआप आवळतात, हे त्यात नाही. नौपाड्यात आमच्या दोन खोल्या. सासूबाई संध्याकाळी कौपिनेश्वराला गेल्या की कडी लावायची. पहिला महिना तर सगळ्यात बारका नुसता हातात धरून पडायचे.

नवरा समजूतदार आहे, पण त्याचं "झालं का आज?" म्हणजे गृहपाठाची वही मागितल्यासारखं वाटायचं. जो तो "संसारासाठी करा" म्हणायचा. राग यायचा. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, मिस्टरांचं राहू द्या. पुढच्या तपासण्यांना आतलं नीट दिसायला हवं, म्हणून करा." त्यानंतर माझे वार मीच ठरवले आणि नवऱ्याला विचारायची बंदी केली.

सध्या तिसऱ्या आकारावर आहे. चौथा अजून प्लास्टिकमध्येच, आणि त्याची मला घाई नाही. आम्ही जवळ आलो दोनदा. पहिल्यांदा दुखलं, थांबलो. दुसऱ्यांदा कमी दुखलं. पूर्वीचं ते नाहीच.

मागच्या तपासणीला टेबलावर चढताना डॉक्टरांना म्हटलं, "मी हो म्हणेन तेव्हाच." त्या हात बाजूला घेऊन थांबल्या.

सोबतच्या पिशवीची चेन दुसऱ्याच महिन्यात तुटली. संच आता बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतो, सुईदोऱ्याशेजारी.