नौपाड्यातलं मेडिकल, औषध कसं घ्यायचं ते पण सांगतात

5 पैकी 4 स्टार. एक कापला तो पार्किंगचा, गोखले रोडला संध्याकाळी गाडी लावायची म्हणजे विचारूच नका, आणि डिस्काउंट पण ऑनलाइनवाल्यांएवढा देत नाहीत.

तरी आम्ही इथूनच घेतो ते काउंटरवरच्या काकांमुळे. आईला दम्याचा पंप लिहून दिलेला आणि ती घ्यायलाच तयार नाही, पंपाची सवय लागते म्हणे, त्यापेक्षा गोळीच बरी. मागे एवढी रांग असताना काकांनी तिला हिशोब सांगितला, वहिनी गोळी 4 मिलिग्रॅमची, ती पोटात जाणार, रक्तातून अंगभर फिरणार आणि त्यातली थोडीशी छातीत पोचणार, म्हणूनच हात थरथरतात नि धडधडतं, पंपाचा एक पफ 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा भाग, आणि तो थेट श्वासनळीत. आई गप्प. पण पंपाची पण भानगड आहेच, दाबणं आणि श्वास ओढणं एकत्र जमलं पाहिजे, नाहीतर बरंचसं औषध घशातच अडकतं आणि मग आपण म्हणणार गुण येत नाही. म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, घ्यायला लावला, डेमो करून दाखवला, वर तो साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळवा, आतून फडक्याने पुसू नका, पुसल्याने स्टॅटिक वीज तयार होते नि औषध आतल्या भिंतीला चिकटतं हे पण सांगितलं. स्टिरॉइडवाल्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी होते. एवढं सगळं तर प्रिस्क्रिप्शनवर पण नव्हतं!

बाबांची सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की घ्यायची गोळी, ती जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, कारण गिळली की लिव्हरच त्यातलं बरंचसं मोडून टाकतं आणि वेळ पण जातो. ठेवताना बसून घ्यायचं कारण बीपी एकदम उतरतं. पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी मोडून किंवा कुटून द्यायची नाही, वरचं कोटिंग औषधाला पोटातल्या ॲसिडपासून वाचवायलाच असतं. शेजारणीच्या पोराला ताप आणि उलट्या, सिरप टिकतच नव्हतं, डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलची सपोझिटरी, म्हणजे शौचाच्या जागेतून आत सरकवायची गोळी, लिहिलेली आणि ती बिचारी लाजत होती, तर काकांनी बाजूला घेऊन नीट सांगितलं.

आणि काही लोक येऊन सरळ म्हणतात, काका इंजेक्शन मारा ना, लवकर बरं वाटतं. ते साफ नाही म्हणतात, डॉक्टरकडे पाठवतात. शिरेतून दिलेलं औषध लगेच लागू पडतं हे खरं, पण रिॲक्शन आली तर ते काय परत ओढून काढता येत नाही. गोळीने भागत असताना सुई कशाला, मला पटलं.

बोलतात मात्र फार, घाईत असाल तर चिडचिड होईल. दुपारी बंद असतं. इन्सुलिन घ्यायचं असेल तर थंड पिशवी घरून न्या, ते देत नाहीत, आणि बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलं की फेकावंच लागतं.