'पोर्ट करून देतो' म्हणाला आणि आईची दहा वर्षांची मेडिक्लेम पाण्यात गेली

घरात कुणाला सीओपीडी (श्वासनलिकांमध्ये कायमचा अडथळा होण्याचा आजार), दमा किंवा छातीचा कुठलाही जुना आजार असेल आणि ओळखीतला कुणी 'तुमची मेडिक्लेम दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून देतो, हप्ता कमी बसेल' म्हणत दारात आला असेल, तर ओटीपी सांगायच्या आधी हे वाचा. पोर्ट म्हणजे जुन्या वर्षांचा फायदा न गमावता पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेणं. आमच्या घरी हे घडलंय. आईच्या तोंडावर मास्क आणि आमच्या हातात क्लेम नाकारल्याचा मेसेज, अशी वेळ आणखी कुणावर येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी आजाराबद्दल सांगते, कारण फसवणूक नेमकी त्याच्याच आधारानं झाली. आईनं जन्मात कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. पण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिचा सगळा स्वयंपाक चुलीवरच झाला. गॅस आल्यावरही भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. चढ चढताना धाप लागायला लागली, सकाळी खोकल्याची उबळ थांबेना, तेव्हा सगळेच म्हणायचे, वय झालं. 2017 साली साताऱ्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी जोरात फुंकायची तपासणी करून घेतली, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. एका दमात जेवढी हवा बाहेर पडते, तिच्यातली 70 टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर येत असेल आणि पंपाचं औषध दिल्यावरही ते प्रमाण सुधारत नसेल, तर श्वासनलिकांमध्ये कायमचा अडथळा आहे असं धरतात. आईचं तसंच होतं. दम्यात औषधानं नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या होतात, सीओपीडीत तो अडथळा पुरता जात नाही. चुलीच्या धुरानं हा आजार होतो, आणि आपल्याकडे कधीही तंबाखू न ओढलेल्या कितीतरी बायकांना तो त्यामुळेच झालेला असतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हा आजार रोज सांभाळावा लागतो. पंप नेमानं आणि बरोबर पद्धतीनं ओढायचा, दरवर्षी फ्लूची लस घ्यायची, न्यूमोनियाची लस घ्यायची, झेपेल तेवढं चालायचं. एवढं करूनही थंडीत साधी सर्दी झाली तरी छाती भरून येते आणि दवाखाना गाठावा लागतो. तिथे नेब्युलायझर, स्टिरॉइड, अँटिबायोटिक. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तर बायपॅपचा, म्हणजे श्वासाला जोर देणाऱ्या मशीनचा, मास्क आणि आयसीयू. अशा पेशंटला ऑक्सिजनही मोजूनच द्यावा लागतो. बहुतेकांची पातळी 88 ते 92 च्या दरम्यान ठेवतात, जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. सांगायचं एवढंच, की अशा माणसाला विमा लागणार हे ठरलेलं असतं, फक्त कधी ते माहीत नसतं.

आईबाबांची पॉलिसी 2014 पासून एकाच कंपनीत होती, एकही हप्ता चुकलेला नाही. आजार 2017 चा, म्हणजे पॉलिसीनंतरचा. त्या कंपनीच्या लेखी तो 'आधीपासूनचा आजार' नव्हताच. शिवाय सलग पाच वर्षं झाली की कंपनीला 'तुम्ही माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली लबाडी असेल तरच येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती, 2024 मध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ती पाचवर आणली. एवढी पक्की पॉलिसी आईच्या हातात होती आणि तिची खरी किंमत आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

ज्यांनी ती काढून दिली ते एजंट वारले. मग 2024 च्या नूतनीकरणाच्या तोंडावर बाबांच्या बँकेतल्या ओळखीतून हा दुसरा आला. बोलायला गोड, आईला 'काकू, काकू' करणारा. हप्ता कमी, कव्हर दुप्पट, 'आणि काका, पोर्टच करतोय ना, तुमची जुनी वर्षं कुठे जात नाहीत.' बाबांनी त्याला स्वतःहून सांगितलं, 'अहो, हिची छातीची फाईल पण घ्या, नंतर भानगड नको.' त्यानं फाईल चाळली आणि म्हणाला, फोटो पाठवा. बाबांनी जुनी पॉलिसी, स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी असं सगळं त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलं. ते मेसेज त्यानं पाहिल्याच्या निळ्या खुणा आजही बाबांच्या फोनमध्ये आहेत. मग व्हेरिफिकेशनचा म्हणून ओटीपी घेतला आणि थोड्या दिवसांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कार्ड, हप्त्याची पावती आणि पॉलिसीचं पहिलं पान आणून दिलं.

जानेवारी 2025 मध्ये आई रात्री झोपेतून उठून बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर ओढलेले, ओठ शीळ घालताना करतात तसे करून श्वास सोडत होती, आणि एक वाक्यसुद्धा पुरं बोलता येत नव्हतं. दादानं गाडी काढली. ॲडमिट करताना कॅशलेसचा फॉर्म भरला. कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा असतो. आधी विचारणा आली, सीओपीडी कधीपासून आहे, पहिले कागद पाठवा. केस पेपरवर डॉक्टरांनी 'सीओपीडी, 2017 पासून' असं लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. कागद पाठवले. पाठोपाठ उत्तर आलं: आजार प्रपोजल फॉर्ममध्ये (विमा घेताना भरायच्या अर्जात) सांगितलेला नाही, क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द का करू नये याचा खुलासा करा.

बिल बाबांची एफडी मोडून भरलं. डिस्चार्ज झाल्यावर मी कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची प्रत मागवली. ती वाचताना हात थरथरत होते. श्वसनाचा काही आजार आहे का? नाही. गेल्या काही वर्षांत नियमित औषध चालू आहे का? नाही. कधी दवाखान्यात दाखल? नाही. सगळ्या पानभर एकच उत्तर. आधीच्या विम्याच्या रकान्यात काहीच नाही. पॉलिसीचा प्रकार: नवीन. म्हणजे पोर्ट झालंच नव्हतं! आणि ई-मेलचा पत्ता आमचा नव्हता, त्यानं स्वतःचाच टाकला होता. पॉलिसीचे पूर्ण कागद त्याच्याकडे गेले आणि आमच्याकडे फक्त पहिलं पान आलं, त्याचं कारण हे.

त्यानं असं का केलं, हे समजून घ्या. खरं पोर्टिंग करायचं तर नवी कंपनी जुनी पॉलिसी, क्लेमचा इतिहास, आजाराचे कागद सगळं तपासते, आणि सीओपीडी दिसल्यावर नकारही देऊ शकते. 'काही आजार नाही' म्हणून नवी पॉलिसी काढली की ती झटक्यात निघते आणि कमिशन पदरात पडतं. जुन्या पॉलिसीचा हप्ता भरायचा राहून ती बंद पडली. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तीही केव्हाच उलटून गेलेली. जुन्या पॉलिसीत आईचा आजार कव्हर होता, नव्या पॉलिसीत तोच आजार एका रात्रीत 'आधीपासूनचा' झाला. त्यानं खरं लिहिलं असतं तरी नव्या पॉलिसीत त्या आजाराच्या क्लेमसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागलं असतं. खोटं लिहिल्यामुळे तर पॉलिसीच धोक्यात आली.

म्हणून सांगते, पोर्टचं काम नूतनीकरणाच्या निदान 45 दिवस आधी सुरू करा. नवी पॉलिसी हातात पडली की त्यावर जुन्या कंपनीचा पॉलिसी नंबर आणि पहिल्या पॉलिसीची तारीख छापलीये का, ते बघा. ती नसेल तर पोर्ट झालेलं नाही, एजंट काहीही म्हणो. आणि नवी पॉलिसी पक्की झाल्याशिवाय जुनी सोडू नका. पोर्ट झालं तरी जुन्या वर्षांचा फायदा जुन्या रकमेपुरताच मिळतो, वाढवलेल्या कव्हरला थांबण्याचा काळ नव्यानं लागतो. प्रपोजल फॉर्मची प्रत मागा आणि आजाराचं प्रत्येक उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. फोन आणि ई-मेल घरातल्याच माणसाचा द्या. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक मिळतं, मागितलं तर मराठीतूनही द्यावं लागतं. ते मागाच.

क्लेम मंजूर होणाऱ्यांनाही एक गोष्ट आधी माहीत हवी. नेहमीच्या पॉलिसीत रोजचे पंप, ओपीडीतल्या तपासण्या, घरचं ऑक्सिजन मशीन हे बहुधा बसत नाही. ॲडमिट असतानाही नेब्युलायझर किट, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) यांसारख्या वस्तू न देण्याच्या यादीत असतात, आणि छातीच्या पेशंटच्या बिलात नेमक्या याच वस्तू असतात. खोलीच्या भाड्यावर मर्यादा असेल आणि वरची खोली घेतली तर बिलातल्या बाकीच्या काही खर्चांतही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. दाखल होण्याआधीच्या आणि डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांतली औषधं मात्र मिळतात, त्यांची बिलं फेकू नका.

आम्ही पुढे काय केलं तेही सांगते. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली, सोबत व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट. उत्तर आलं, ग्राहकानं ओटीपी देऊन माहिती मान्य केली आहे. बाबा सत्तरीपुढचे आहेत. त्यांना एकही पान न दाखवता घेतलेल्या ओटीपीला मान्यता म्हणायचं, हे मला आजही पटत नाही. मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवली (155255 या नंबरवर फोन करूनही होते) आणि त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेलो. तिथे एक पैसा लागत नाही, वकीलही लागत नाही. 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. अट एवढीच, की आधी कंपनीला लेखी कळवलेलं हवं, तिनं नाकारलेलं हवं किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नसावं, आणि नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो.

सुनावणी झाली. निळ्या खुणांचे ते स्क्रीनशॉट, 2014 पासूनच्या हप्त्यांच्या पावत्या आणि तो परका ई-मेल पत्ता, हे सगळं आम्ही समोर ठेवलं. निकालाची वाट बघतोय. तो एजंट फोन उचलत नाही. कंपनीकडे त्याची वेगळी तक्रार केली आहे.

दरम्यान आईला सत्तर पूर्ण झाली, तेव्हा तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घेतलं. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात मिळतात, आधार कार्ड पुरतं, आणि जुन्या आजारासाठी थांबावं लागत नाही. फक्त दवाखाना त्या योजनेत असावा लागतो. आमच्या जवळचे कोणते आहेत ते 14555 वर विचारून घेतलं आणि ती यादी दादाच्या, बाबांच्या आणि माझ्या फोनमध्ये ठेवली आहे.