रीऑर्डर लेव्हल की आपोआप ऑर्डर? दोन-चार किराणा दुकानं असतील तर

बेळगाव, निपाणी, खानापूर अशी तीन दुकानं आणि एक गोडाऊन असलं की वही पुरत नाही. पुढे दोन मार्ग आहेत: बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालाची रीऑर्डर लेव्हल, म्हणजे शिल्लक कितीवर आली की ऑर्डर द्यायची तो आकडा, टाकून ऑर्डर आपण द्यायची, किंवा विक्रीचा अंदाज काढून ऑर्डर स्वतःच बनवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं.

पहिला मार्ग स्वस्त. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहेच, आकडा मात्र अंदाजपंचे टाकू नका. तेलाचा १५ किलोचा डबा घ्या. रोज सरासरी ४ डबे खपतात, कोल्हापूरहून माल यायला ३ दिवस लागतात, रोजच्या विक्रीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार, दीड डबा आहे. जादा साठा म्हणजे १.६५ × १.५ × ३ चं वर्गमूळ, साधारण सव्वाचार, ५ धरा (१.६५ हा शंभरात ९५ वेळा माल पुरावा यासाठीचा गुणक, ३ म्हणजे माल यायचे दिवस). ४ × ३ + ५ = १७. शिल्लक १७ वर आली की ऑर्डर द्यायची. वाटेत असलेला मालही शिलकीत धरा, नाहीतर ऑर्डर दुबार जाते.

उणीव एकच, पण मोठी: हा १७ बसवला तिथेच बसून राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पुरामुळे कोल्हापूरकडचा महामार्ग बंद पडला होता. पावसाळ्यात ३ ऐवजी ५ दिवस धरले तर तोच आकडा २६ होतो. जूनच्या सुरुवातीला तो हाताने बदलावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं.

दुसऱ्या मार्गात हा हिशेब रोज नव्याने होतो, प्रत्येक दुकानाचा वेगळा. खरा फायदा मात्र दुकानांमधल्या हलवाहलवीत आहे. निपाणीत ३० डबे पडून असतील आणि खानापुरात २ उरले असतील, तर नवी खरेदी न सुचवता सॉफ्टवेअर इकडचा माल तिकडे पाठवायला सांगतं. इथे सीमेची बाब नीट सांभाळा. कर्नाटकातल्या एकाच जीएसटी नंबरच्या दुकानांत माल डिलिव्हरी चलनावर, कराशिवाय जातो. शाखा चंदगड किंवा गडहिंग्लजला असेल तर महाराष्ट्राची नोंदणी वेगळी, आणि तोच माल आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) लावून टॅक्स इनव्हॉइसवर पाठवावा लागतो. सॉफ्टवेअरला हा फरक कळतो का, हे विकत घेण्याआधी करून दाखवायला सांगा.

आपोआप ऑर्डर फसते ती बहुधा सणांत. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. मागच्या वर्षीचा तोच आठवडा बघणारं सॉफ्टवेअर नारळ आणि गूळ अडीच आठवडे आधी मागवेल, आणि ऐन चतुर्थीला फळी रिकामी. तिथीचा रकाना भरता येत नसेल तर ते घेऊ नका. सौंदत्तीच्या यात्रेचंही तसंच.

फळी रिकामी असलेल्या दिवशी विक्री शून्य दिसते, म्हणजे मागणी नव्हती असं नाही. ते दिवस सरासरीतून वगळले पाहिजेत. लग्नघरी एकदम ४० डबे गेले तर ते बिल वेगळ्या प्रकारात नोंदवा. आणि काउंटरवर एकाने 'गूळ', दुसऱ्याने कन्नडमधून 'बेल्ला' अशी नोंद केली असेल तर एकाच मालाची विक्री दोन ठिकाणी वाटली जाते आणि दोन्ही आकडे खोटे ठरतात. आधी एका मालाला एकच कोड द्या.

आमचं मत स्पष्ट आहे. कुठलेही ५० माल निवडा, स्क्रीनवरची आणि फळीवरची शिल्लक ताडून बघा. ४५ सुद्धा जुळत नसतील तर आपोआप ऑर्डरीवर पैसा घालू नका. रीऑर्डर लेव्हलवरच राहा आणि नोंदी सुधारा. एकच दुकान असेल तरीही पहिलाच मार्ग पुरेसा.

जुळत असतील तर तेल, साखर, रवा, साबण असे शंभरेक माल घेऊन आठ आठवडे नुसती सूचना बघा, ऑर्डर स्वतःच द्या. दूध, भाजी, कुंदा त्यात घालू नका. सूचना आणि तुमची ऑर्डर जिथे वेगळी पडेल तिथे कारण लिहून ठेवा. पुरवठादार १२ डब्यांचीच पेटी देतो, हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलंय, अशा गोष्टी तिथेच सापडतात.