विंडोज ११ कडे जाताना: जुन्यावरच अपग्रेड की क्लीन इन्स्टॉलेशन?

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे घरचा संगणक विंडोज ११ वर नेण्याचा विचार करणाऱ्याने प्रथम त्यात टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूटची सोय (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी) आणि मान्य यादीतला प्रोसेसर (इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा) आहे का, हे पाहावे. त्यानंतरच पुढील निवडीला अर्थ आहे.

अपग्रेड केल्यास फायली, प्रोग्राम आणि बहुतेक सेटिंग्ज जागेवर राहतात, आणि न पटल्यास दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परतता येते. मात्र अर्धवट काढलेले अँटिव्हायरस आणि जुने बिघाडही त्यांच्यासोबत पुढे येतात. क्लीन इन्स्टॉलेशनमध्ये डिस्क पुसली जाते, त्यामुळे हे सारे जाते, पण प्रोग्रामही जातात आणि परतीची वाट उरत नाही.

गोव्यात नाटकांच्या संहिता, देवस्थानाची निमंत्रणे किंवा मंडळाची इतिवृत्ते ज्या संगणकावर वर्षानुवर्षे टाइप झाली आहेत, तिथे मला खरी काळजी वाटते ती युनिकोडपूर्व मराठी फॉन्टची, म्हणजे युनिकोड ही आजची सामायिक अक्षरपद्धती येण्याआधीच्या फॉन्टची. अशा फायली पेनड्राइव्हवर सुखरूप राहिल्या, तरी नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसेल तर जत्रेतल्या नाटकाच्या संवादाऐवजी पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून फॉन्टच्या फायली वेगळ्या जपाव्यात, महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ आधीच करून ठेवावी, आणि टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी, परवाना किंवा डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला जोडावी लागणारी छोटी कळ) हाताशी असल्याची खात्री करावी. यांपैकी काही हरवले असेल, तर माझ्या मते अपग्रेडच निवडावे.

सामान हाताशी असेल आणि संगणक रोज अडखळत असेल, तर मी क्लीन इन्स्टॉलेशनच्या बाजूने आहे, मात्र त्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधल्या फायलीही सहसा सी ड्राइव्हवरच असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन त्यातल्या काही फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मग ती डिस्क काढून ठेवावी, कारण इन्स्टॉलेशनच्या वेळी ड्राइव्हना सी किंवा डी अशी ओळखीची अक्षरे दिसत नाहीत, केवळ क्रमांक दिसतात, आणि चुकीचा क्रमांक पुसला जाण्यास एक क्लिक पुरते. विंडोज ११ ज्यावरून घालायचे तो किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि वाय-फायचा ड्रायव्हर (वाय-फाय चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) आधीच तयार ठेवावा. त्याच संगणकावर विंडोज १० रीतसर सक्रिय असेल, तर होम किंवा प्रो ही पूर्वीचीच आवृत्ती निवडल्यावर नवी की (विंडोज सक्रिय करण्याचा क्रमांक) सहसा लागत नाही.

विजेचा विचारही करावा. अपग्रेडच्या मध्येच वीज गेली, तर संगणक बहुतेक वेळा जुन्या स्थितीत परततो. डिस्क पुसल्यानंतर गेली, तर पेनड्राइव्हवरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून यूपीएस नसलेल्या घरी जून ते सप्टेंबरच्या पावसात हे काम काढू नये.