ऑटोमॅटिक गाडी दहा वर्षं ठेवायची आहे? मग गिअरबॉक्स कोणता?

शोरूममध्ये नुसतं ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, पण त्या नावाखाली चार वेगळ्या यंत्रणा (एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, डीसीटी) विकल्या जातात आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं असतं. तीन-चार वर्षांत गाडी बदलणार असाल तर चालवून जी आवडेल ती घ्या. दीड लाख किलोमीटरपर्यंत ठेवायची असेल, तर मायलेजच्या आधी गिअरबॉक्सची निगा काय लागते ते विचारा.

बहुतेकांची निवड एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टर यांच्यात अडकते, म्हणून आधी ते दोन.

एएमटी २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आपल्याकडे रुळली. आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि तीच कोरडी क्लच प्लेट. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्च्युएटर करतो. त्यामुळे दुरुस्ती बरीचशी ओळखीची. क्लच सेट बदलला की स्कॅनर लावून नव्या क्लचचं लर्निंग (गाडीच्या संगणकाला नवा क्लच ओळखवणं) करून घ्यावं लागतं, हे मात्र मेकॅनिकला माहीत हवं. खरा शत्रू चढ. सिग्नलला चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच सतत घासतो आणि जळतो. मॅन्युअलमध्ये हाफ क्लचने जे होतं तेच इथे होतं, फक्त पायाला कळत नाही. पाय ब्रेकवर किंवा हँडब्रेक ओढलेला, आणि पुढे थोडी जागा झाली की एकदम निघायचं, एवढ्यानं क्लचचं आयुष्य बरंच वाढतं.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, म्हणून जागेवरून निघताना क्लच प्लेट घासत नाही. ब्रेझा, एर्टिगा, स्कॉर्पिओ-एन यांना सहा गिअरचा हाच प्रकार मिळतो. ट्रॅफिकही आणि घाटही ज्यांच्या नशिबी आहे, त्यांना मी हाच सुचवेन. बदल्यात सगळी उष्णता तेल सोसतं. भरलेली गाडी खंबाटकी किंवा कसारा घाटात ट्रकमागे रेंगाळत चढते तेव्हा हे तेल सर्वाधिक तापतं, आणि वारंवार तापलेलं तेल लवकर म्हातारं होतं.

इथेच ‘लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही’ हे वाक्य ऐकू येतं. ओनर्स मॅन्युअलमधलं खडतर वापराचं कलम शोधून वाचा. सतत थांबत-निघत चालणारा ट्रॅफिक, कडक ऊन, डोंगराळ रस्ता अशा वापरासाठी बऱ्याच कंपन्या तेल लवकर बदलायला सांगतात. पुण्या-ठाण्यातली रोजची ऑफिसची फेरी याच कलमात बसते. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा नसेल तर ५०-६० हजार किलोमीटरला तेल बदलावं, असं माझं ठाम मत आहे.

बदलतानाही दोन पर्याय पुढे येतात. नट काढून तेल सोडलं तर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं निघतं, कारण बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. मशीन लावून फ्लश केलं तर जवळपास सगळं बदलतं. लाखावर चाललेली, आधी कधीच तेल न बदललेली गाडी असेल तर मी प्रेशर फ्लश टाळेन. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाचा दाब वळवणाऱ्या भागात, अडकण्याची भीती असते. काही दिवसांच्या अंतराने दोनदा साधं ड्रेन करून घ्या. लेव्हल मात्र कंपनीनं सांगितलेल्या तापमानालाच तपासली पाहिजे. घाईत हीच पायरी सुटते.

सीव्हीटी सपाट शहरात सगळ्यात मऊ चालते. दोन पुलींमध्ये स्टीलचा पट्टा दाबून धरलेला असतो आणि त्याची पकड तेलावर अवलंबून असते. चुकीचं तेल पडलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे येतात, आणि मग अख्खा गिअरबॉक्स बदलण्याची वेळ येते. त्यामुळे कंपनीचं नेमकं सीव्हीटी फ्लुइडच घाला आणि वेळ चुकवू नका.

डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, चालवायला सर्वांत मजेदार, पण कोरड्या क्लचची डीसीटी मुंगीच्या गतीच्या ट्रॅफिकमध्ये तापते. २०१३ मध्ये फोक्सवॅगननं चीनमध्ये डीएसजीच्या (त्यांच्या डीसीटीचं नाव) तक्रारींवरून ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी जगभरातल्या सात गिअरच्या डीएसजींमधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं ठरलं, आणि कारण होतं उष्ण-दमट हवा. कोकणपट्टीत राहणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. टाटा अल्ट्रोझच्या डीसीएसारखी (टाटाचं डीसीटीचं नाव) ओली क्लच तेलात थंड होते, म्हणून तुलनेनं निर्धास्त. क्लच किंवा मेकॅट्रॉनिक्स (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट) गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं, तेव्हा डीसीटी घेतलीत तर एक्स्टेंडेड वॉरंटीही घ्याच.

चारही प्रकारांना सारखंच लागू: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आर-डी करू नका, उतारावर न्यूट्रलमध्ये सोडू नका, चढावर पार्क करताना आधी हँडब्रेक आणि मग पी (बहुतेक एएमटींना पी नसतो). बंद पडली तर ओढून न्यायची नाही, फ्लॅटबेडच मागवा.

जुनी ऑटोमॅटिक घेत असाल तर सकाळी थंड असताना बघायला जा. डी टाकल्यावर गाडी उशिरा पकडते का, झटका देते का, ते तेव्हाच कळतं. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर गिअरबॉक्स ऑइलचं बिल मागा. पुराच्या पाण्यात गेली असल्याची शंका असेल तर थोडं तेल काढून पाहा. दुधाळ दिसलं तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नका.