गायकवाडी पैसा की मेलबर्नच्या वाण्याची पेनी?

वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत देव्हाऱ्याखालचा डबा उघडला की एखादा तरी गायकवाडी पैसा, म्हणजे बडोदा संस्थानाचं तांब्याचं नाणं, निघतो. त्यावरूनच नाण्यांचा नाद लागतो आणि मग प्रश्न पडतो: हेच जमवायचं, की ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींमधल्या व्यापाऱ्यांनी नाण्यांऐवजी स्वतः काढलेली टोकनं?

टोकनांची गोष्टच वेगळी. १८४९ साली मेलबर्नमध्ये सुट्ट्या पैशांची टंचाई होती, तेव्हा अॅनंड, स्मिथ आणि कंपनी या किराणा दुकानानं स्वतःच्या नावाची पेनी काढली. एका बाजूला दुकानाचं नाव, दुसरीकडे बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री. मागे सरकार नाही, खजिना नाही. वाण्याची बाजारात पत होती म्हणून ती चालली. मग कापडवाले, चहावाले, सगळेच पुढे आले. लंडनच्या होलोवे यांनी तर आपल्या गोळ्या-मलमांची जाहिरातच पेनीवर छापली. पुढे व्हिक्टोरिया वसाहतीनं १८६३ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सनं १८६८ मध्ये टोकनं बंद केली. काळ असा आटोपशीर असल्यामुळे नवख्याला संग्रहाची हद्द आखता येते.

गायकवाडी पैशावर घोड्याचा खूर आणि तलवार. सयाजीराव महाराजांच्या काळातले यंत्रावर पाडलेले, विक्रम संवत १९४८ (इ.स. १८९१-९२) वगैरेचे पैसे देवनागरीत सरळ वाचता येतात. त्याआधीचे हातानं ठोकलेले मात्र जाडजूड. चकतीपेक्षा ठसा मोठा, त्यामुळे अर्धी अक्षरं कडेबाहेर गेलेली. तिथे फारसी येणाऱ्या जाणकाराशिवाय पान हलत नाही.

खरेदीत गायकवाडी पैसा सरस. इथे ओळखीच्या सराफाकडे तो तळहातावर घेऊन, कड निरखून घेता येतो. टोकन बहुधा फोटोवरूनच घ्यावं लागतं, शिवाय टपालखर्च आणि कस्टम कधी नाण्याच्या किमतीवर जातं. आधी वजन आणि कडेचा फोटो मागा. कडेला जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर वाळूसारखे खड्डे दिसले तर ते ओतीव, म्हणजे नक्कल.

सिलोनच्या कॉफी मळ्यांची टोकनंही मोहात पाडतात, पण सुरुवात त्यांनी करू नका.

बाजारातली माणसं, त्यांची दुकानं, त्यांची पत यात तुमचा जीव रमत असेल तर टोकनंच घ्या, तीही एकाच वसाहतीची. मात्र आधी दहा गायकवाडी पैसे हाताळा. झिजलेलं तांबं आणि घासलेलं तांबं यातला फरक बोटांना तिथेच कळतो. माझा पहिला पैसा मी चिंचेनं लख्ख केला. शंभर वर्षांची तपकिरी झाक पाच मिनिटांत गेली, ती परत आली नाही.