परक्या रिंगमध्ये लढत: आधी जाऊन मुक्काम की शेवटच्या आठवड्यात विमान?

लढत प्रतिस्पर्ध्याच्या शहरात ठरली की पहिला वाद होतो तो तिकिटाच्या तारखेवरून. प्रशिक्षकाला आपली जिम सोडवत नाही, मॅनेजरला हॉटेलचं बिल दिसत असतं, आणि बॉक्सरला विचारलं तर तो म्हणतो, तुम्ही ठरवा. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत, त्यामुळे एकच उत्तर सगळ्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तरी माझा कल आधी जाण्याकडे आहे, आणि तो एका कारणामुळे पक्का झाला. ते कारण खाली येईलच.

आधी जाणाऱ्यांचा आवडता दाखला म्हणजे 22 एप्रिल 2001, दक्षिण आफ्रिकेतलं ब्राकपान. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंची, आणि लढतीची वेळ अमेरिकेच्या टीव्हीसाठी स्थानिक पहाटेची. हासिम रहमान जवळजवळ महिनाभर आधी जाऊन राहिला. हेवीवेट जगज्जेता लेनक्स लुईस पोचला तो दोन आठवडेही उरले नसताना. पाचव्या फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशावर लुईस आडवा झाला. आता एका ठोशावरून सिद्धांत मांडू नये हे खरं. पण लुईसचं तोंड त्याआधीच उघडं पडलं होतं, श्वास फुललेला दिसत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला त्याने रहमानला चौथ्या फेरीत झोपवलं. माणसं तीच होती, हवा बदलली होती.

उंचीच्या बाबतीत एक पळवाट नेहमी सुचवली जाते: अगदी शेवटी जा, चोवीस तासांत खेळा आणि निघा, म्हणजे शरीराला उंची कळायच्या आत काम उरकतं. फुटबॉलच्या संघांना हे जमतं. बॉक्सिंगमध्ये बहुधा नाही, कारण अधिकृत वजन आदल्या दिवशी होतं, त्याआधी वैद्यकीय तपासणी, नियमांची बैठक आणि पत्रकार परिषद असते. म्हणजे कितीही उशीर केला तरी तीन-चार दिवस आधी हजर राहावंच लागतं, आणि उंचीवर झोप सगळ्यात वाईट असते ती नेमकी सुरुवातीच्या त्या रात्रींना. वेल्सच्या हॉवर्ड विन्स्टनने मेक्सिकोच्या विसेंते साल्दिवारला जून 1967 मध्ये घरी, कार्डिफला, 15 फेऱ्या झुंजवलं आणि विन्स्टन थोडक्यात गुणांवर हरला. चारच महिन्यांनी मेक्सिको सिटीत, 2,240 मीटरवर, बाराव्या फेरीत त्याच्या कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यातल्या त्याच्या माणसांना, लढत सोडावी लागली.

उशिरा जाण्याची बाजूही लंगडी नाही. कडक स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, खऱ्या लढतीच्या आठ-दहा दिवस आधी संपतं. तोवर आपली जिम, आपले स्पॅरिंग पार्टनर, आपलं जेवण हाताशी असलं तर शिबिराची घडी मोडत नाही. आधी गेलात तर निदान दोन पार्टनर बरोबर न्यावे लागतात. तिथले स्थानिक पोर घेतले तर तुमच्या डाव्या हाताची सवय संध्याकाळपर्यंत समोरच्या कॉर्नरला कळलेली असते. शिवाय कंटाळा आहेच. हॉटेलच्या खोलीत तीन आठवडे काढणं हेही एक वजनच असतं. किन्शासात 1974 ला जॉर्ज फोरमनला सरावात डोळ्यावर जखम झाली, मुहम्मद अलीविरुद्धची 25 सप्टेंबरची लढत 30 ऑक्टोबरला गेली आणि दोघेही तिथेच अडकले. अलीने त्या दिवसांत नदीकाठी पळत, लोकांत मिसळत परकं शहर आपलंसं केलं. फोरमन हॉटेलात आंबत राहिला. लवकर पोचण्याचा फायदा आपोआप पदरात पडत नाही, तो असा कमवावा लागतो.

आता ते कारण: वजनकाटा.

लांबच्या प्रवासानंतर शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवतं. पायांना सूज येते, मोज्यांचे वळ उमटतात, पोट दोन दिवस साफ होत नाही. 61.2 किलोच्या गटातला बॉक्सर निघताना 64 असेल, तर उतरल्यावर काटा किलोभर जास्त दाखवू शकतो, आणि खाल्लेलं तर नेहमीएवढंच असतं. हाताशी दोन आठवडे असतील तर काही करावं लागत नाही. जेवणात मीठ बेताचं ठेवायचं, पाणी नेहमीसारखं प्यायचं, सकाळी हलकं पळायचं. दोन-तीन दिवसांत ते पाणी आपणहून उतरतं.

शेवटच्या आठवड्यात पोचलेल्याकडे हेच दोन-तीन दिवस नसतात. काटा बघून तो घाबरतो आणि पहिली चूक करतो: जेवण तोडतो, म्हणजे चढलेलं पाणी तसंच राहतं आणि उतरते ती ताकद. त्यात झोप फिरलेली. रात्री दोनला डोळे टक्क, दुपारी चारला पापण्या जड, आणि झोप नसली की भूक दुप्पट लागते. मग अखेरच्या रात्री गरम पाण्याचा टब, सॉना, थुंकत राहणं. काट्यावर वजन भरतं, तोंडातली लाळ मात्र गेलेली असते. पहिल्या चार फेऱ्या यातलं काही दिसत नाही. सातव्या-आठव्यात ठोसा मारल्यावर पाय जागेवर येत नाहीत, आणि लोक म्हणतात, घरच्या प्रेक्षकांनी दुसऱ्याला उचलून धरलं. बऱ्याचदा प्रेक्षकांचा संबंध नसतो, आठवडाभर आधीच्या विमानाचा असतो. सराव चुकला तर भरून काढता येतो. वजन उतरवणं आणि झोप बसवणं ही दोन कामं मात्र एकाच पाच दिवसांत कोंबली की दोन्ही बिघडतात.

झोपेचा ढोबळ हिशेब असा: घड्याळातल्या प्रत्येक तासाच्या फरकाला साधारण एक दिवस, आणि पूर्वेकडे जाताना थोडा जास्तच. पण कोणत्या घड्याळाशी जुळवायचं हे आधी विचारा. जून 2005 मध्ये मँचेस्टरला रिकी हॅटन आणि कोस्त्या झू रात्री दोन वाजता रिंगमध्ये उतरले, कारण वेळ अमेरिकेतल्या टीव्हीची होती. अशा वेळी स्थानिक दिनक्रमाशी पूर्ण जुळवून घेणंच चुकीचं ठरतं. सराव लढतीच्या तासाला करायचा आणि झोप त्याभोवती लावायची.

लवकर जाऊन न सुटणारी गोष्ट म्हणजे पंचांची गुणपत्रिका. 2017 मध्ये फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या जेफ हॉर्नकडून तिन्ही पंचांच्या गुणांवर 117-111, 115-113, 115-113 असा हरला. मनिला आणि ब्रिस्बेनच्या घड्याळांत दोनच तासांचा फरक आहे, म्हणजे प्रवासाला दोष देता येत नाही. 50,000 हून जास्त प्रेक्षक हॉर्नच्या प्रत्येक धडकेवर ओरडत होते, आणि पंचही माणसंच असतात. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सचं सुवर्ण यजमान देशाच्या पार्क सी-हुनकडे 3-2 ने गेलं, ते तर अजून कुणाच्या घशाखाली उतरलेलं नाही. याला उपाय एकच दिसतो, अटीतटीची फेरी पंचांवर न सोडणं. प्रतिस्पर्ध्याच्याच देशात जाऊन जिंकलेल्यांकडे बघा. हॅगलरने 1980 ला वेम्बलीत मिंटरला तिसऱ्या फेरीत थांबवलं. अझुमा नेल्सनने 1992 ला मेलबर्नमध्ये फेनेकला आठव्यात संपवलं. उसिकने ब्रिडिसला रिगात, गासिएव्हला मॉस्कोत आणि जोशुआला लंडनमध्ये गुणांवरच हरवलं, पण बाराव्या फेरीपर्यंत पाय चालते ठेवून. आणि पाय चालायचे तर वजन शांतपणे उतरलेलं लागतं.

फरक तीन तासांच्या आत असेल आणि शहर सखल असेल तर सहा-सात दिवस आधी जाणं पुरेसं आहे, उगाच खर्च करू नका. पाच तासांहून जास्त फरक किंवा 1,500 मीटरच्या वर उंची असेल तर 14 ते 16 दिवस धरा. जड स्पॅरिंग घरी उरकून निघा, तिथे फक्त दोन-तीन सत्रं ठेवा, म्हणजे एका पार्टनरवर भागतं. स्वतःचा काटा बरोबर न्या, उतरल्यावर माहितीतल्या वजनाची लोखंडी प्लेट ठेवून तपासा, आणि अधिकृत काटा मिळाला की त्याच्याशी ताडून बघा. 200 ग्रॅमचा फरकही शेवटच्या रात्री जीव खातो. कटमॅनचं, म्हणजे फेऱ्यांमध्ये जखमेचं रक्त थांबवणाऱ्याचं, 1:1000 अ‍ॅड्रेनलिन तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यावं लागू शकतं, त्यालाही दिवस लागतात. आणि विमानाची तारीख, सरावाची बंद जिम, हॉटेलच्या रात्री किती आणि किती माणसांच्या, हे सगळं सही करण्याआधी करारात लिहून घ्या. नंतर मागितलं तर आयोजक शेवटच्या आठवड्याचंच तिकीट पाठवतो.